घर, मुळं आणि सांधा
वेगवेगळे फोटो जोडून एकच चित्र रचलं, तर अशा फोटोचा ‘बरोबर’ अर्थ कोणता, असा प्रश्न पडतो. तो थोडा बाजूला ठेवू या. अमेरिकी छायाचित्रकार जेरी युल्समन यांचं १९८२ चं चित्र घ्या. एक घर, आणि त्याच्या खाली झाडाची जाडजूड मुळं. संगणक नाही. डार्करूममध्ये ओळीने मांडलेले एन्लार्जर (निगेटिव्हमधलं चित्र मोठं करून कागदावर पाडणारी यंत्रं), त्यांत वेगवेगळ्या निगेटिव्ह आणि एकाखालून दुसऱ्याखाली सरकत गेलेला एकच कागद. बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षकही दिलं नाही, त्यामुळे शब्दांचा आधार मिळत नाही. म्हणून मी आधी सांधा शोधतो. भिंत संपून मूळ नेमकं कुठे सुरू होतं? दोन्हींवर उजेड एकाच बाजूने पडलाय का? जिथे सांधा सापडत नाही, तिथेच छायाचित्रकाराने सर्वांत जास्त जीव ओतलेला असतो, आणि आपण कशावर विश्वास ठेवावा असं त्याला वाटतं तेही तिथे कळतं. मग घर रुजलंय की जखडलंय? दोन्ही वाचता येतं. मला ते रुजलेलं वाटतं. पण ‘कुठलाही अर्थ चालतो’ हे मात्र अजिबात पटत नाही. कुणी त्यात स्थलांतराचं दुःख वाचत असेल, तर ते चित्रात नेमकं कुठे आहे हे बोट ठेवून दाखवावं. मला ते बघायला खरंच आवडेल.