शब्दचर्चा: ‘रिव्ह्यू’ झालेल्या हिशेबांना मराठीत काय म्हणावे?

एडिसनवासी
आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळाचे हिशेब आजवर नुसते ‘कंपायलेशन’ होऊन येत. यंदा प्रथमच त्यांचा ‘रिव्ह्यू’ करून घेतला आहे. सभेपुढे ठेवायच्या अहवालात मी ‘सीपीएंनी हिशेब तपासले’ असे लिहिले होते, परंतु सीपीएबाईंनी (सीपीए म्हणजे अमेरिकेतले परवानाधारक लेखापाल) ते वाक्य काढायला लावले, कारण त्यांच्या म्हणण्यानुसार त्यांनी हिशेब तपासलेलेच नाहीत. ही दोन्ही कामे ऑडिट नव्हेत, हे सामान्य सभासदाला उमगेल असे शब्द कोणते?

पाठभेद
‘कंपायलेशन’ला ‘संकलन’ आणि ‘रिव्ह्यू’ला ‘पुनर्विलोकन’ हे शब्द रूढ आहेत. सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार तिमाही निकाल ४५ दिवसांत जाहीर करावे लागतात आणि त्यांच्या मराठी वृत्तपत्रांतील जाहिरातींत ‘अलेखापरीक्षित वित्तीय निष्कर्षांचा उतारा’ व ‘मर्यादित पुनर्विलोकन’ असे छापलेले असते. त्यातला ‘निष्कर्ष’ मात्र मला खटकतो. कंपनीचे निकाल हे निकालच; निष्कर्ष काढायचा असतो तो लेखापालाने, आणि एकाच पानावर दोघांचेही ‘निष्कर्ष’ आले की वाचकाने काय समजावे?

वकिली चष्मा
‘पुनर्विलोकन’ हा शब्द आमच्याकडे आधीच गुंतलेला आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ११४ खाली न्यायालय स्वतःचाच आदेश पुन्हा पाहते, ते पुनर्विलोकन. कलम ११५ खाली उच्च न्यायालय पाहते, ते पुनरीक्षण. दोन्हींत ‘पुनर्’ला अर्थ आहे, कारण आधी कोणीतरी निर्णय दिलेला असतो. मंडळाच्या हिशेबांकडे बाहेरच्या माणसाने पाहण्याची ही पहिलीच वेळ असेल, तर ‘पुनर्’ कशाचे? ‘आढावा’ म्हणावे.

खतावणी
सीपीएबाईंचा आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत ही कामे एआयसीपीए या सीपीएंच्या संस्थेच्या ‘एसएसएआरएस’ मानकांनुसार चालतात आणि २०१४ सालच्या २१व्या मानकाने वित्तीय विवरणपत्रे नुसती तयार करून देणे, त्यांचे संकलन आणि त्यांचा आढावा ही तीन कामे स्पष्टपणे वेगळी केली. संकलनात व्यवस्थापनाची माहिती विवरणपत्रांच्या रूपात मांडायला मदत करायची आणि ती वाचून उघड चूक दिसत नाही ना, एवढेच पाहायचे. त्यासाठी सीपीए खजिनदाराचा सख्खा भाऊ असला तरी चालते. फक्त आपण स्वतंत्र नाही, हे अहवालात लिहावे लागते. आढाव्यात ही सवलत नाही.

आढावा हा मुख्यतः विचारपूस आणि आकड्यांची तुलना यांवर उभा असतो. समजा, सभासद ४०० आणि वर्गणी ६० डॉलर आहे, म्हणजे २४,००० डॉलर जमायला हवेत. वहीत १९,५०० दिसले तर खजिनदाराला कारण विचारायचे. ‘विद्यार्थ्यांना अर्धी वर्गणी’ असे उत्तर आले, तर ४,५०० ची तूट भरून निघायला विद्यार्थी सभासद १५० असावे लागतील आणि ते तेवढे आहेत का, हे पाहायचे. बँकेकडून शिलकेचे पत्र मागवणे, पावत्या पडताळणे हे सहसा यात येत नाही. अपेक्षित आकडा आधी न मांडता जो पावत्यांच्या गठ्ठ्यात शिरतो, त्याचा वेळ ऑडिटइतका जातो आणि हाती अहवाल येतो तो आढाव्याचाच. गृहनिर्माण संस्थांच्या सभांना बसलेल्या माणसाला ‘तपासले’ म्हटले की हिशेब तपासनीसच आठवणार, म्हणून तो शब्द नको.

पाठभेद
‘आढावा’ फार ढिला आहे. पावसाचाही आढावा घेतात आणि पालकमंत्रीही आढावाच घेतात. पारिभाषिक शब्द थोडा अनोळखी असलेलाच बरा. त्यामुळे वाचक थबकतो.

खतावणी
थबकतो आणि पान उलटतो. मला खरी अडचण दिसते ती आढाव्यातून मिळणाऱ्या मर्यादित ‘अ‍ॅश्युरन्स’ची, म्हणजे लेखापाल देतो त्या भरवशाची. ‘हमी’ म्हटले तर कोणताही लेखापाल सही करणार नाही आणि ‘आश्वासन’ म्हटले तर निवडणूक आठवते. ‘मर्यादित खातरजमा’ कसे वाटते? लेखापाल स्वतःची खातरजमा करून घेतो आणि ‘विवरणपत्रांत लक्षणीय फेरफार करावा लागेल असे काही आमच्या निदर्शनास आलेले नाही’ इतकेच सांगतो.

पाठभेद
फारसीची पालखी आणखी किती दिवस वाहायची? ‘आश्वस्तता’ घ्या.

तेरीजवाला
कीर्द (रोजच्या नोंदींची वही) आणि तेरीज (गोषवारा) हे शब्द मराठीने केव्हाच आपलेसे केले आहेत. ‘तेरीज पत्रक’ (ट्रायल बॅलन्स) तर वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असते. ‘संकलन’ शुद्ध म्हणून मिरवता, पण जुन्या गणितात ‘संकलित’ म्हणजे बेरीज आणि चित्रपटात संकलन म्हणजे काटछाट. सभासदाला यांतले कोणते वाटेल?

वकिली चष्मा
खातरजमा पूर्ण तरी असते किंवा नसते. ‘मर्यादित खातरजमा’ माझ्या कानाला पटत नाही. न्यायालयात कोणी असे म्हणाले, तर पुढचा प्रश्न ‘म्हणजे नक्की किती?’ हाच येईल.

खतावणी
तोच प्रश्न सभासदांनी विचारावा आणि ‘ऑडिटपेक्षा बरीच कमी’ हे उत्तर त्यांना मिळावे.