नागपुरातल्या पोरीला समुद्र कसा दाखवावा?

सोनेगावची आई: माझी दुसरीतली पोरगी समुद्राला मोठा फुटाळा तलाव समजते. चित्रांची पुस्तकं पाहून झाली, पण खोली काही डोक्यात शिरत नाही. काय करू?

भूगोलवाले काका: ताई, भिंतीला सुतळी लावा. 1 सेंटिमीटर म्हणजे 100 मीटर. वरची गाठ समुद्रसपाटी. आपलं नागपूर तिच्या जेमतेम 3 सेंटिमीटर वर. खाली 2 सेंटिमीटरवर उजेडाची हद्द. वनस्पती-प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे वनस्पतीसारखे बारीक जीव, त्या पट्टीतच वाढतात आणि जवळपास साऱ्या समुद्राचं पोट त्यांच्यावर चालतं. सरासरी तळ 37 सेंटिमीटरच्या आसपास. मारियाना गर्ता, म्हणजे समुद्रातली सगळ्यात खोल जागा, मात्र 110 च्या जवळ! माझ्या वर्गातली पोरं ते बघायला फरशीवर आडवी पडायची. अंधाराच्या भागात स्वतःचा उजेड पाडणारे मासे काढायला लावा. 30 मीटरचा निळा देवमासा या मापात फक्त 3 मिलिमीटर, हे सांगायला विसरू नका.

मालवणची माहेरवाशीण: खोली राहू दे, आधी काठ दाखवा. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), शंखातल्या गोगलगायी सापडतात. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे. तो दगड नाही, प्राणी आहे, हे ऐकून पोरं चाट पडतात.

सोनेगावची आई: सुतळी लावली! आता पोरगी विचारते, तळाशी पाण्याचं ओझं नाही का होत?

भूगोलवाले काका: होतं ना, मारियाना गर्तेच्या तळाशी तर आपल्यावरच्या हवेच्या हजारपट. पण खूप खोल पाण्यातल्या बऱ्याच माशांच्या अंगात हवेची पिशवी नसते, म्हणून ते चेंबत नाहीत.