गांजा ओढणाऱ्या रुग्णाशी आपण समुपदेशक कसे वागतो?

समुपदेशक, नाशिक (प्रश्न):
गेल्या आठवड्यात एका सहकाऱ्याने तेवीस वर्षांच्या मुलाच्या केसपेपरवर लाल शाईने ‘गंजेडी’ असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. मुलाने ते समोरून उलटे वाचले आणि मग झोप न लागण्याविषयी चकार शब्द काढला नाही. ‘आधी गांजा सोड, मग ये,’ असे सांगून त्याची बोळवण झाली. हे मला फार लागले आहे. मात्र व्यसन चालू असताना केवळ चिंतेवर काम करणे म्हणजे त्याला मूक संमती देणे, हा सहकाऱ्यांचा आक्षेपही मला खोडून काढता येत नाही. आपण काय करता?

मनोसामाजिक कार्यकर्ता, पुणे:
ताई, मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधील मानसिक आजाराच्या व्याख्येतच अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था येतात. त्यामुळे ‘आधी सोड’ ही अट मला मुळीच पटत नाही. शब्दांचेही म्हणाल, तर 2010 मध्ये अमेरिकेत पाचशेहून अधिक मानसोपचार व्यावसायिकांना एकाच रुग्णाची हकिकत दोन प्रकारे वाचायला दिली होती. ज्यांच्या कागदावर ‘नशाबाज’ अशा अर्थाचा शब्द होता, त्यांनी ‘व्यसनविकार असलेली व्यक्ती’ असे वाचणाऱ्यांपेक्षा रुग्णाला अधिक दोषी धरले. ही माणसे आपल्यासारखीच शिकलेली होती.

मनोविकारतज्ज्ञ, कोल्हापूर:
वरील मताशी सहमत आहे, पण गांजा नैसर्गिक आहे म्हणून विषय सोडून देणारे तरुण सहकारीही मला तितकेच खटकतात. कोवळ्या वयात सुरुवात, तीव्र माल आणि घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असेल, तर भ्रम आणि संशयाचा धोका वाढतो. तो विचारायलाच हवा. शिवाय रोज ओढणाऱ्याने एकदम थांबवले की झोप उडते, चिडचिड होते, अन्न जात नाही. त्या मुलाची झोप गांजामुळे गेली, की थांबवण्याच्या प्रयत्नांत गेली, हे कोणी विचारलेच नाही.

एक माजी रुग्ण:
मी दोन वर्षे ‘फक्त सिगारेट’ एवढेच सांगत होतो. महाशिवरात्रीची भांग घरात हसून चालते, पण गांजा म्हटले की अमली पदार्थविरोधी कायद्यातील (एनडीपीएस) सेवनाबद्दल शिक्षेचे कलम 27 आणि पोलीस आठवतात. स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्याला त्याच कायद्याचे कलम 64अ खटल्यापासून संरक्षण देते आणि माझी माहिती गोपनीय राहते, हे मला कोणीही सांगितले नव्हते. पुढे एका बाईंनी शांतपणे विचारले, ‘ओढल्यावर नेमके काय हलके होते?’ त्या दिवशी मी वडिलांच्या आजारपणाविषयी पहिल्यांदा बोललो.

समुपदेशक, नाशिक:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. त्या मुलाचा क्रमांक केसपेपरवर आहे. सोमवारी मी स्वतः त्याला फोन करून, झोप नेमकी केव्हापासून उडाली, एवढेच आधी विचारणार आहे.