गौतमीपुत्र सातकर्णीच्या पितळी मूर्तीसाठी मदत हवी आहे (पागोटे, मिशा आणि तलवार)

नमस्कार.

वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची सुमारे १८ इंच उंचीची पितळी मूर्ती हाताने घडवून घेत आहे. शाडूची मूर्ती तयार झाली असून ती सध्या मूर्तिकारांकडे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली आहे. येत्या रविवारी तिच्यावरून प्लास्टरचा साचा घेतला जाईल आणि मग मेणाची प्रत, मातीचे लेप, भट्टी व ओतकाम असा क्रम आहे. मेणाच्या प्रतीवर बारीकसारीक कोरता येते, पण त्या टप्प्यावर अख्खा पोशाख बदलता येत नाही, त्यामुळे जाणकारांचे मत मला त्याआधीच हवे आहे.

हाच राजा का, ते थोडक्यात सांगतो. आम्ही नाशिकचे. लहानपणी वडील आम्हाला पांडवलेण्यांवर नेत आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात या राजाची आई गौतमी बलश्री हिच्या शिलालेखासमोर उभे करून मुलाचे वर्णन करणारी तिची लांबलचक विशेषणे मोठ्याने म्हणून दाखवत. 'तिसमुदतोयपीतवाहन', म्हणजे ज्याच्या वाहनांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले तो, हे आम्हा भावंडांना पाढ्यासारखे पाठ होते.

मूर्तिकार कसबी आहेत. प्रश्न त्यांच्या हाताचा नाही, संदर्भाचा आहे. गेल्या आठवड्यात फडके उलगडून पाहिले तेव्हा माझ्यासमोर सतराव्या शतकातला सरदार उभा होता. अंगात कड्याकड्यांचे चिलखत, डोक्यावर तुरा खोचलेली पगडी, पिळदार मिशा आणि उजव्या हातात उगारलेली वक्र तलवार! मूर्तिकारांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण इंटरनेटवर या राजाचे नाव शोधले तर बहुतेक चित्रपटातल्या वेशभूषेचीच छायाचित्रे समोर येतात आणि त्यांना मीही दुसरे काही पुरवले नव्हते.

त्यानंतर मी जे काही पाहिले, त्यातून दोन गोष्टींविषयी माझी खात्री झाली आहे. चिलखत जाणार, कारण सातवाहनकालीन शिल्पांतले राजपुरुष कमरेच्या वर बहुधा उघडेच असतात आणि खाली धोतर, त्यावर गाठ मारून सोडलेला शेला, कानांत जड कुंडले, गळ्यात व दंडावर दागिने असा त्यांचा वेश दिसतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवरील दांपत्ये नजरेसमोर आणली, तरी ही कल्पना येईल. वक्र तलवारही जाणार, कारण ती आपल्याकडे पुष्कळ नंतरची. त्या काळची तलवार सरळ आणि रुंद पात्याची असे.

अडचण डोक्यापाशी सुरू होते. शिल्पांत पुरुषांच्या डोक्यावर पिळाचे, पुढे गाठोड्यासारखा उंचवटा असलेले पागोटे दिसते. याउलट सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर, विशेषतः या राजाचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी आणि नंतरचा यज्ञ सातकर्णी यांच्या, राजाचा उजवीकडे पाहणारा चेहरा असतो आणि मी पाहिलेल्या छायाचित्रांत तरी डोक्यावर पागोटे नसून केसच दिसतात. मग नाण्यावरचा मुलगा आणि नातवंडे-पतवंडे प्रमाण मानावीत, की लेण्यातले अनामिक दाते?

मिशांवरून तर वादच झाला. मूर्तिकार म्हणाले, "साहेब, मिशा काढल्या तर लोक हात जोडतील, देव समजतील." त्यांचे म्हणणे मला अगदीच चुकीचे वाटत नाही. मात्र ठसठशीत मिशा मला आढळल्या त्या नहपानाच्या नाण्यावर, आणि नहपान म्हणजे याच राजाने ज्याचे राज्य मोडले तो क्षहरात घराण्यातला शक सत्ताधीश (क्षत्रप). शत्रूच्या मिशा आमच्या राजाला लावायच्या का?

पितळेला झळाळी ठेवावी की काळपट-हिरवी छटा द्यावी, हेही सुचवावे. झळाळी ठेवली तर वडील दर रविवारी चिंच लावून मूर्ती घासतील आणि पाच वर्षांत नाक सपाट होईल, ही भीती आहे.

प्रतिसाद १

तलवार सरळ की वक्र, हा प्रश्नच मला गैरलागू वाटतो. आपण ज्या शिलालेखाचा उल्लेख केला आहे, त्यात बलश्रीने मुलाला 'एकधनुधर' म्हटले आहे, म्हणजे अद्वितीय धनुर्धर. आईने धनुष्य दिले असताना आपण तलवार का देता? सिकंदराच्या मोहिमेच्या ग्रीक वर्णनांत भारतीय पायदळाचे धनुष्य माणसाच्या उंचीइतके असल्याचे म्हटले आहे. ती वर्णने या राजाच्या काही शतके आधीची आहेत, तरीही डाव्या हातात धरलेले, टोक जमिनीला टेकलेले उंच धनुष्य या मूर्तीला शोभेल आणि वजनालाही आधार देईल.

उजव्या हाताची सोयही त्याच लेखात आहे. 'अभयोदकदानकिलिननिभयकर', म्हणजे अभयाचे उदक देऊन देऊन ज्याचा निर्भय हात ओला झाला आहे असा. तो हात उगारलेला नको. तळवा किंचित खाली झुकलेला, बोटे सैल, जणू आत्ताच पाणी सोडले आहे. 'वरवारणविकमचारुविकम' असेही म्हटले आहे, तेव्हा चाल हत्तीसारखी डौलदार हवी, म्हणजे दोन्ही पाय एका रेषेत ताठ नकोत. चेहरा पूर्ण चंद्रासारखा प्रियदर्शन सांगितला आहे, म्हणून कपाळावरच्या रागाच्या आठ्या आधी काढायला सांगा. ही विशेषणे काव्यातली ठरीव आहेत, हे मला मान्य आहे; पण सिनेमापेक्षा आईचे काव्य बरे.

प्रतिसाद २

मी ओतकाम करतो, म्हणून फक्त तेवढ्यापुरते लिहितो. धनुष्य मूर्तीबरोबर एकसंध ओतू नये. इतक्या लांब आणि बारीक भागात रस पोहोचण्याआधीच थिजतो आणि मध्येच तुटक राहते. मुठीत आरपार भोक ठेवावे, धनुष्य पितळी सळईचे वेगळे ठोकून घ्यावे आणि शेवटी मुठीत व पायथ्याशी झाळून घ्यावे. प्रत्यंचा दाखवू नका. तार लावली तर साफसफाईत तीच आधी निघते. बोटे एकमेकांपासून फार सुटी ठेवल्यासही हाच त्रास होतो, म्हणून निदान दोन बोटे चिकटलेली असावीत. छटा काळपटच द्यावी आणि तीवर मेणाचा पातळ हात फिरवावा, म्हणजे चिंचेचा प्रश्न येणार नाही.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. 'एकधनुधर' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो आणि तरीही मूर्तीच्या हाती तलवार देऊन बसलो, याची लाज वाटली.

आज मूर्तिकारांकडे जाऊन आलो. चिलखत खरवडून काढले, तेव्हा खालची माती अजून ओली होती, हे नशीब. उजव्या हाताची मूठ उघडून तळवा खाली वळवताना मनगटापाशी भेग पडली आणि आतली तार दिसू लागली. मूर्तिकारांनी शाडू पाण्यात कालवून बोटाने ती भरली आणि शांतपणे म्हणाले की, आता हा हात आधीपेक्षा बरा दिसतो. खरोखरच दिसतो. डाव्या मुठीत भोकासाठी सध्या एक पेन्सिल खुपसून ठेवली आहे.

पागोट्याबाबत मी नाण्यांच्या बाजूने कौल दिला आहे, कारण तिथे निदान त्याच घराण्यातला माणूस आहे. मिशा मात्र अजून तशाच आहेत. मूर्तिकारांनी त्यांचे पीळ काढून त्या ओठालगत बारीक केल्या आणि त्याहून पुढे जायला ते तयार नाहीत. सातवाहन पुरुषाच्या मिशांविषयी कोणापाशी शिल्पातला किंवा नाण्यावरचा एखादा स्पष्ट पुरावा असल्यास कृपया शनिवार संध्याकाळपर्यंत कळवावा.