स्कीच्या 'स्किन'ला मराठीत काय म्हणावं?

फेब्रुवारीत गुलमर्गला जाऊन आले. त्याबद्दल लिहायला बसलेय आणि एकाच शब्दावर अडलेय. गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, वर जाऊन घसरत खाली यायचं, ते निराळं. आम्ही तिथल्या अफरवत डोंगराच्या उतारावर आपल्या पायांनी चढलो. चढताना स्कीच्या तळाला लांबच लांब पट्टी चिकटवतात, ती स्किन. एका अंगाला डिंक, दुसऱ्या अंगाला दाट लव. त्यामुळे स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. वर पोचलं की पट्टी टर्रकन ओढून काढायची आणि घडी करून कोटाच्या आत ठेवायची, नाहीतर गारठ्याने डिंक धरत नाही. मी 'कातडी' लिहिलं, तर आईने विचारलं, "कुणाची गं?"

प्रतिसाद
सीलची! पूर्वी खरोखरच सीलचं कातडं लावत. पट्टी आता नायलॉनची असली तरी फ्रेंच लोक आजही 'पो द फोक', म्हणजे सीलचं कातडं, असंच म्हणतात. जर्मनमध्ये 'फेल', म्हणजे केसांसकट कातडं. त्याला आपल्याकडे 'अजिन' आहे की. मृगाजिन, व्याघ्राजिन.

प्रतिसाद
अजिनावर ऋषी बसतात हो, ते पायाखाली बांधून डोंगर कुठे चढवता! दिवाळीनंतर सह्याद्रीत फिरला असाल तर कुसळ आठवा. मोज्यात शिरलं की पुढेपुढेच जातं, मागे ओढलं की रुततं. ही लव तेच करते. म्हणून माझं मत 'लवपट्टी'ला.

प्रतिसाद
स्वित्झर्लंडहून. लवपट्टी आवडली, कारण विकत घेताना सगळा प्रश्न लवेचाच असतो. मोहेरची, म्हणजे शेळीच्या केसांची, लव हलकी, छान सरकते, पण लवकर झिजते. नायलॉन जास्त घट्ट धरतं, टिकतंही, पण रखडतं. दोन्हींचं मिश्रण मिळतं, बऱ्याचदा ७० टक्के मोहेर आणि ३० टक्के नायलॉन. नवख्याने नायलॉन किंवा मिश्रणच घ्यावं. कापताना स्कीची पोलादी धार दोन्हीकडे उघडी राहिली पाहिजे. ती झाकली की कडक बर्फावर आडवं चालताना पाय सटकलाच.

जाता जाता: मोहेर अंगोरा शेळीचं, अंगोरा लोकर मात्र सशाची. आणि 'मोहेर' मूळचा अरबी 'मुखय्यर', म्हणजे निवडक. आपले मुखत्यार आणि अखत्यार त्याच धातूचे.

मूळ प्रश्नकर्ती
म्हणजे मुखत्यारपत्र आणि माझी पट्टी चुलत बहिणी! पण माझ्या पट्टीचं मी मातेरं केलं. ओली झाली म्हणून रात्री बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या काश्मिरी शेगडीजवळ, टांगली. सकाळी डिंक मऊ होऊन ओघळला होता, आणि दिवसभर स्कीचा तळ बरबटलेला.

प्रतिसाद
बुखारी, हीटर, कडक ऊन, तिन्ही वर्ज्य. घरात दोरीवर टाकून नुसत्या हवेवर वाळू द्यायची. मग डिंकाला डिंक लावून घडी, आणि थंड जागी ठेवायची. डिंक फार चिवट असेल तर मध्ये जाळी घालतात, तिला स्किन सेव्हर म्हणतात. म्हणजे अस्सल मराठीत कातडीबचाऊ! शब्द आयता तयार आहे, फक्त आजवर माणसांनाच वापरत होतो.

प्रतिसाद
उन्हातल्या ओल्या बर्फातून सावलीतल्या गार बर्फात शिरलं की लवेला बर्फाचे गोळे धरतात. त्याला वेगळा शब्द नको. पावसाळ्यात काळ्या रानात चपलांना चिखल चढतो, तसा 'बर्फ चढला' म्हणा. उपाय म्हणजे निघायच्या आधी मेण चोळणं, लवेच्या दिशेनेच, उलटं नाही.

मूळ प्रश्नकर्ती
ठरलं. पहिल्यांदा 'स्किन, म्हणजे लवपट्टी', पुढे नुसतं लवपट्टी. आईला लगेच कळलं. आता 'स्किनिंग करणं'ला काय म्हणू?

प्रतिसाद
चढणं.