वहिनींचे पहिले बाळंतपण आणि रक्तदाबाची धास्ती

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक): माझ्या वहिनी पहिलटकरीण असून वय ३६ आहे, जुळे आहे, आणि त्यांच्या आईलाही गरोदरपणी रक्तदाबाचा त्रास झाला होता, एवढ्यावरून काळजी करावी का?

उत्तर १: हे चारही प्री-एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणी रक्तदाब वाढून बहुधा लघवीतून प्रथिनेही जाऊ लागतात त्या आजाराचा, धोका वाढवणारे घटक आहेत. लठ्ठपणा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा मुळातला उच्च रक्तदाब असल्यास हा धोका आणखी वाढतो. तरीही धोका म्हणजे आजार नव्हे.

उत्तर २: विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० किंवा अधिक असल्याचे पुन्हा मोजूनही दिसले, तर लघवीतील प्रथिने तपासतात. जिना चढून आल्याआल्या घेतलेला आकडा मात्र धरू नये. पाच मिनिटे टेकून बसावे.

उत्तर ३: डोके सतत ठणकले, डोळ्यांपुढे काजवे चमकले किंवा उजव्या बरगडीखाली दुखले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.