मदत हवी आहे: सामुदायिक रेडिओवर टँकरची सूचना चालते, मग टँकर न आल्याचे सांगता येईल का?

नमस्कार.

सोलापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडील दुष्काळी भागात एका सामुदायिक रेडिओ केंद्रावर मी स्वयंसेवक म्हणून काम करते. रोज संध्याकाळी सातला परिसरातील गावांच्या घडामोडींचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होतो. त्याची संहिता लिहिणे आणि निवेदन करणे माझ्याकडे आहे. या कार्यक्रमाबाबत आमच्या समितीत मतभेद झाले असून, आकाशवाणीत, एखाद्या सामुदायिक केंद्रावर किंवा तालुक्याचे वार्ताहर म्हणून काम केलेल्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, अशी मनापासून विनंती आहे.

ज्यांना या माध्यमाची फारशी माहिती नसेल, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अशा केंद्राला साधारणपणे १०० वॅट क्षमतेचे प्रक्षेपण करता येते आणि ते १० ते १५ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते. सुरुवातीला हे परवाने केवळ शैक्षणिक संस्थांना मिळत असत. २००६च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांनाही ते मिळू लागले. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी त्यानंतरच्या काळातलीच. निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत, अशी अट आहे आणि ती मला फार मोलाची वाटते, कारण आमचे श्रोते धारा काढताना, डाळिंबाच्या बागेत किंवा रात्री पिकाला पाणी देताना दारे धरून स्वतःच्या बोलीत स्वतःच्याच गावाविषयी ऐकत असतात. त्यांना हवे असते ते अगदी नेमके: या आठवड्यात शेतीची थ्री फेज लाइट दिवसा आहे की रात्री, लाळ्या-खुरकुताची लस कोणत्या वस्तीवर कधी येणार, मुक्कामी एसटी बंद झाली का, आणि उन्हाळ्यात सर्वांत आधी विचारले जाते ते टँकरचे.

अडचण इथेच आहे. सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत, बोलीत अनुवाद करून देता येतात. हवामान, वाहतूक, परीक्षा व निकाल, नोकरीच्या संधी, यात्रा-जत्रा आणि सांस्कृतिक कार्यक्रम यांची माहिती बातमी समजली जात नाही. वीज, पाणीपुरवठा, नैसर्गिक आपत्ती, साथीचे आजार यांविषयीच्या सूचनाही चालतात, मात्र त्या स्थानिक प्रशासनाने दिलेल्या असाव्या लागतात. या शेवटच्या शब्दांवर आमची गाडी अडली आहे.

मागील उन्हाळ्यात पंचायतीकडून आलेली सूचना आम्ही वाचली की, अमुक वाडीला उद्या सकाळी टँकर येईल. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वाडीतील एका आजींनी नातवाच्या फोनवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवला. त्यात त्या सांगतात की, रेडिओवर ऐकून सगळ्या बायका पहाटेपासून घागरी, ड्रम, कॅन घेऊन विहिरीपाशी थांबल्या, रोजगारावर गेल्या नाहीत आणि टँकर काही आला नाही. त्यांचा आवाज शांत आहे, कोणाचे नाव घेतलेले नाही, कोणावर आरोपही नाही. शेवटी त्या एवढेच विचारतात, ‘उद्या तरी येणार का, तेवढं सांगा.’ समितीतील काहींच्या मते हे प्रक्षेपित करणे म्हणजे बातमी देणे आहे, त्यामुळे परवाना धोक्यात येईल. इतरांच्या मते हा नागरी सुविधेचाच विषय आहे. आवाज प्रक्षेपित झाला नाही आणि आजींना मी फोनवरही समाधानकारक उत्तर देऊ शकले नाही. सूचना आमच्या तोंडून गेली आणि तिच्यावर विसंबून बायकांचा रोज बुडाला, तर पुढचे सांगण्याची जबाबदारीही आमचीच आहे, असे मला ठामपणे वाटते. नियम मोडण्याची माझी इच्छा नाही. मात्र प्रशासनाचा निरोप गावापर्यंत जावा आणि गावाचा निरोप परत येऊ नये, असा जर नियमाचा अर्थ होत असेल, तर सामुदायिक या शब्दाला काय अर्थ उरतो?

आपल्या केंद्रावर असे आवाज कसे हाताळतात, हे मला प्रामुख्याने जाणून घ्यायचे आहे. ग्रामसभेची सूचना आम्ही देतो, पण सभेत झालेल्या ठरावांविषयी बोलावे का, याचेही उत्तर मिळाले तर बरे होईल. आणखी एक: निधनाच्या आणि दशक्रियेच्या निरोपांसाठी लोक फार आग्रह धरतात. ते बातमीत मोडतात का?

प्रतिसाद १

ताई, मी मराठवाड्यातील एका केंद्रावर बरीच वर्षे कार्यक्रमांचे काम पाहिले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

आजींचा आवाज जसाच्या तसा लावून सोडून देणे टाळावे, हे समितीतील सावध मंडळींचे म्हणणे मला पटते. मात्र तो आवाज दाबून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आम्ही अशा आवाजाला प्रश्न समजतो आणि उत्तरासह लावतो. आवाज आला की त्याच दिवशी पंचायत समितीच्या पाणीपुरवठा विभागात किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे जायचे, प्रश्न ऐकवायचा आणि उत्तर त्यांच्याच आवाजात किंवा लेखी घ्यायचे. मग कार्यक्रमात आधी आजी विचारतात आणि लगेच अधिकारी सांगतात की, गाडी नादुरुस्त होती, उद्या दोन खेपा होतील. ही प्रशासनाने पाणीपुरवठ्याविषयी दिलेली माहितीच झाली आणि ती कोणत्या प्रश्नावर दिली, हेही श्रोत्यांना कळले. उत्तर मिळाले नाही, तर ‘विचारणा केली आहे, माहिती मिळताच सांगू’ एवढेच सांगावे. त्यावर भाष्य करू नये. आमचा अनुभव असा की, प्रश्न लावला जाणार आहे हे कळल्यावर उत्तर सहसा त्याच दिवशी मिळते.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे ‘टँकर येईल’ अशी मोघम सूचना घेऊच नका. कोणत्या वस्तीला किती खेपा मंजूर आहेत, हे लेखी मागा आणि तेच रोज वाचा. टँकरच्या खेपांची नोंदवही असते. ती कशी ठेवली जाते, तिच्यावर कोणी सही करायची असते, खेप न झाल्यास कोणाकडे जायचे, हा माहितीपर कार्यक्रम गटविकास अधिकाऱ्यांना स्टुडिओत बोलावून करा. आम्ही तो केला, तेव्हा वस्तीवरच्या बायका स्वतःच नोंदवही पाहायला मागू लागल्या. जे काम आपल्याला बातमी देऊन करायचे होते, ते त्यांनी अधिक चांगले केले.

ग्रामसभेच्या ठरावांबाबत सभेतील वादावादी, आरोप-प्रत्यारोप पूर्णपणे टाळा. राजकीय स्वरूपाचा मजकूर आपल्याला चालतच नाही. इतिवृत्त कायम झाल्यावर ग्रामपंचायतीने कळवलेले लाभार्थी निवडीचे निकष, अर्जाची मुदत, घरपट्टी-पाणीपट्टीच्या तारखा अशा गोष्टी सूचना म्हणून देता येतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की सरपंच, सदस्य किंवा इच्छुक यांपैकी कोणाचाही आवाज आम्ही घेत नाही. तेवढ्या काळात उत्तरे फक्त कर्मचारी-अधिकाऱ्यांची. प्रत्येक लेखी सूचनेची प्रत तारीख घालून फाइलला लावा. प्रक्षेपित कार्यक्रम तीन महिने जपून ठेवणे तर बंधनकारकच आहे.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातील व्यवहार्य सूचना मान्य आहेत, तरी मूळ प्रश्नावर पडदा पडू नये, म्हणून लिहीत आहे. प्रक्षेपणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या निकालात स्पष्ट केले आणि सामुदायिक रेडिओची सगळी चळवळ त्यावर उभी राहिली. कोणीही वृत्तपत्र काढून किंवा मोबाइलवर चित्रफीत टाकून गावाची बातमी देऊ शकतो, पण परवाना घेऊन, समिती नेमून, रेकॉर्डिंग जपून जबाबदारीने चालणाऱ्या केंद्राला ते करता येत नाही, ही विसंगती आहे. त्यामुळे दैनंदिन काम पहिल्या प्रतिसादाप्रमाणे करावे आणि त्याच वेळी आपल्या समितीने केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे लेखी विचारणाही करावी की, प्रशासनाच्या सूचनेवर श्रोत्याने विचारलेला प्रश्न नागरी सुविधांच्या माहितीत धरला जातो का. तोंडी सल्ल्यावर विसंबू नये.

निधनाच्या निरोपांबाबत आमच्याकडे कुटुंबातील व्यक्तीची सही आणि ग्रामपंचायतीत खातरजमा, या दोन गोष्टी झाल्याशिवाय निरोप वाचत नाहीत. तो वैयक्तिक निरोप म्हणून जातो. मृत्यूचे कारण कधीच सांगत नाहीत, विशेषतः शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बाबतीत. तिथे फक्त अंत्यविधीची वेळ आणि ठिकाण. घरच्यांनी आग्रह केला तरी हा नियम मोडू नका.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. मंजूर खेपा लेखी मागण्याची सूचना समितीपुढे ठेवली आणि ती सर्वांना मान्य झाली आहे. मंत्रालयाला पाठवायच्या विचारणेचा मसुदाही तयार करत आहे. आता एका गोष्टीत मदत हवी आहे: पंचायत समितीकडून रोज लेखी माहिती मिळावी, यासाठी गटविकास अधिकाऱ्यांना द्यायच्या पत्रात नेमके काय असावे? आमची आधीची पत्रे ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा होऊन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिली. माहिती कोणी द्यायची, किती वाजेपर्यंत द्यायची आणि सुट्टीच्या दिवशी कोणाला विचारायचे, हे तिन्ही ज्यात स्पष्ट आहे, असे पत्र कोणी वापरले असल्यास त्यातील मजकूर, केंद्राचे व व्यक्तींचे नाव वगळून, इथे द्यावा. टँकरचे प्रस्ताव सुरू होण्याआधी ते पत्र आम्हाला द्यायचे आहे.